दक्षिणेची बाल्कनी, पाचवा मजला : मोगरा फुलत नाही, भाजी कोणत्या महिन्यात लावावी?

आनंदनगरकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्यावर आनंदनगर भागात पाचव्या मजल्यावर राहतो. दिवाणखान्याला लागून असलेली बाल्कनी दक्षिणेकडे आहे. ती दहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद असून तिला लोखंडी कठडा आहे, आणि वर सहाव्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब साधारण नऊ फुटांवर येतो. स्वयंपाकघराची ड्राय बाल्कनी उत्तरेला आहे. बेडरूमची एक खिडकी पश्चिमेला असून तिला बाहेर काढलेली ग्रिल आहे. सध्या मोठ्या बाल्कनीत तुळस, मोगऱ्याच्या दोन कुंड्या, कढीपत्ता, जास्वंद आणि काही शोभेची झाडे आहेत.

दिवाळीपासून होळीपर्यंत या बाल्कनीत सगळे उत्तम चालते. झेंडू फुलतो, ट्रेमध्ये टाकलेली मेथी दाट उगवते. मात्र एप्रिल उजाडला की झाडे लांबुळकी होऊन कठड्याकडे झुकू लागतात, आणि ज्या दिवसांत मंडईत मोगऱ्याचे ढीग लागतात त्याच दिवसांत आमच्या मोगऱ्याला फक्त पाने येतात. सगळे शहर उन्हाने भाजून निघत असताना माझ्याच कुंड्यांना ऊन कमी पडावे, याची संगती मला लागत नाही. नर्सरीवाले प्रत्येक वेळी खत वाढवायला सांगतात. पावसाळ्यात तुळस हमखास काळी पडते, त्याचे सासूबाईंना फार वाईट वाटते.

आणखी तीन शंका आहेत. कठड्याला लागून विटांचा कायमचा वाफा बांधून त्यात भाजी लावावी असा आमच्या घरात विचार चालू आहे. तो योग्य आहे का? नर्सरीतून आणलेली लाल माती काही महिन्यांत विटेसारखी घट्ट होते, त्यावर उपाय कोणता? आणि कुंड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल खालच्या मजल्यावरील काकूंनी दोनदा सांगितले आहे, तेव्हा त्यांचाही मान राहील अशी व्यवस्था कशी करावी? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ऊनसावली

आपल्या वर्णनावरून अडचण खताची नसून सूर्याच्या मार्गाची आहे, आणि ती घरबसल्या मोजता येते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे १३ मेच्या सुमारास सूर्य मध्यान्ही बरोबर आपल्या डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून वर्तमानपत्रांत ज्याची बातमी येते तो हाच. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि पावसाळ्याचा पूर्वार्ध या काळात, वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन येणे शक्यच नसते. बाहेर तापमान चाळीस अंश असले तरी आपल्या कुंड्यांना मिळते ती फक्त गरम सावली.

आता आपल्याच मापांवर हिशेब करू. समोर उंच इमारत नाही असे गृहीत धरतो. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, तेव्हा नऊ फूट उंचीच्या स्लॅबखालून ऊन जमिनीवर आठ फुटांपर्यंत आत शिरते, म्हणजे बाल्कनी ओलांडून दिवाणखान्यात पोचते. २१ मार्चला तोच सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर चढलेला असतो आणि ऊन कडेपासून जेमतेम तीन फूट आत येते. एप्रिलच्या मध्यावर ते दीड फुटाहूनही कमी उरते, आणि मेच्या मध्यावर शून्य. परतीच्या वाटेवर हेच उलट घडते. ऑगस्टअखेरीस दीड फूट, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन फूट, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तुमची साडेचार फुटांची रुंदी पूर्ण भरते. फेब्रुवारी संपेपर्यंत ती भरलेली राहते. दिवाळी ते होळी हे तुमचे निरीक्षण म्हणजे याच गणिताचा अनुभव आहे. (घड्याळात मध्यान्ह बाराला पाहू नका, पुण्यात सूर्य सर्वांत उंच असतो तो साडेबाराच्या आगेमागे.)

यातून एक गोष्ट निघते, जी बहुतेकांना पटकन पटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ऊन मिळावे म्हणून लोक कुंड्या छताला टांगतात किंवा उंच स्टँडवर चढवतात. अशा बाल्कनीत ते उलट ठरते, कारण स्लॅबच्या जितके जवळ जावे तितकी स्लॅबची सावली अधिक. त्या दिवसांत सर्वांत जास्त ऊन मिळते ते जमिनीलगत, कठड्याच्या अगदी कडेला, आणि तुमचा कठडा भरीव भिंतीचा नसून जाळीचा आहे हे तुमचे भाग्य आहे. टांगत्या कुंड्यांत मनीप्लांट, सिंगोनियम, नेचे यांसारखी सावलीत समाधानी असणारीच झाडे ठेवावीत.

म्हणून माझा सल्ला असा की, दक्षिणेची बाल्कनी ही रब्बी हंगामाची जागा समजावी. गणपतीनंतर बी तयार ठेवावे, टोमॅटो व मिरचीची रोपे सप्टेंबरमध्ये करून ऑक्टोबरात मोठ्या कुंड्यांत लावावीत, मेथी, पालक, कोथिंबीर ऑक्टोबरपासून थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरत राहावी, आणि शेवंती, झेंडू, पिटुनिया यांना हीच जागा द्यावी. फळभाजीला रोज सहा तास थेट ऊन लागते. पालेभाजी तीन-चार तासांत भागवते. मार्च उलटला की त्याच जागी अ‍ॅग्लोनिमा, स्नेक प्लांट, पीस लिली अशी पानांची झाडे आणावीत आणि उन्हाची हौस असलेली झाडे पश्चिमेच्या खिडकीकडे हलवावीत.

उत्तरेची ड्राय बाल्कनी लोक वाया गेलेली समजतात, तेही पूर्ण खरे नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपे, कोवळे ऊन येते. पुदिना, गवती चहा, पानओवा आणि कुंडीतला अळू उन्हाळ्यात तिथे सुखाने राहतात. हिवाळ्यात मात्र त्या बाजूला थेट ऊन अजिबात नसते.

निवृत्त स्थापत्य

विटांच्या वाफ्याबद्दल स्पष्ट लिहितो : तो बांधू नये.

भारतीय मानक ८७५, भाग २ (१९८७) यात निवासी इमारतीच्या बाल्कनीसाठी चल भार (माणसे, सामान यांचे वजन) चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो, धरलेला आहे. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १६०० ते २००० किलो भरते. एक फूट खोल वाफ्यात पाणी घातल्यावर केवळ मातीचाच भार चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर जातो, विटा आणि गिलावा वेगळाच. शिवाय हा भार तुम्ही कठड्याला लागून, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कडेला ठेवणार. बाल्कनी कॅन्टिलिव्हर पद्धतीची, म्हणजे फक्त भिंतीच्या बाजूने धरलेली आणि बाहेर अधांतरी असेल, तर कडेचा भार भिंतीपाशी सर्वाधिक ताण निर्माण करतो. अशा स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. वाफ्याखाली सतत मुरणारी ओल याच सळयांपर्यंत आधी पोचते आणि त्या गंजू लागल्या तरी वाफा काढेपर्यंत कोणाला कळत नाही. माझ्या मते वजनापेक्षाही हे कारण अधिक गंभीर आहे.

सुट्या कुंड्यांची एवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह पंचवीस किलोंच्या आसपास भरते. अशा डझनभर कुंड्या पसरून ठेवल्या तर साडेचार बाय दहा फुटांच्या सुस्थितीतील बाल्कनीला त्या जड नाहीत. सिमेंटच्या मोठ्या कुंड्या, पाण्याचे कमळकुंड, ड्रममधील लिंबू वा डाळिंब अशा गोष्टी मात्र भिंतीलगतच असाव्यात. वरील प्रतिसादात कडेला ऊन जास्त असे म्हटले आहे, ते मार्च-एप्रिलपुरते आहे. त्या दिवसांत कडेला हलके ट्रे आणि ग्रो बॅगा ठेवाव्यात. हिवाळ्यात ऊन भिंतीपर्यंत येत असल्याने जड कुंड्यांना तिथेही ते मिळतेच.

गळतीविषयी : प्रत्येक कुंडी तीन-चार इंच उंच स्टँडवर ठेवावी, म्हणजे फरशी वाळते, झाडता येते आणि निचऱ्याच्या छिद्रावर माती साठत नाही. बाल्कनीच्या पाणी जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी आणि जूनच्या आधी ते तोंड मोकळे असल्याची खात्री करावी. फरशीचा उतार कठड्याकडे असेल, तर पाणी खालच्या घरी पडणारच. अशा वेळी कडेने दीड-दोन इंचांची पट्टी घालून ते आउटलेटकडे वळवणे हे एका दिवसाचे काम आहे. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला कुंड्या अडकवू नयेत, हे वेगळे सांगायला नको. पश्चिमेच्या ग्रिलवर आठ-दहा इंचांहून मोठी कुंडी नको, तीही तारेने बांधलेली हवी, आणि ग्रिलचे बोल्ट भिंतीत घट्ट आहेत का, हे वर्षातून एकदा पाहावे.

पालापाचोळा

माती घट्ट होते याचे कारण तिच्यात सेंद्रिय भाग जवळजवळ नसतो. शेतात तीच माती चालते, कारण तिथे मुळे, गांडुळे आणि खोली हे तिन्ही असते. कुंडीत रोज वरून पाणी पडून तिचे बारीक कण दाबले जातात आणि हवा निघून जाते. काळी माती आणली तर आणखी पंचाईत, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते आणि मुळे कोरडी ती कोरडीच राहतात.

कुंडी भरताना लाल माती किंवा पोयटा (गाळाची माती) चार भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत तीन भाग, अर्धवट कुजलेला पालापाचोळा दोन भाग आणि जाड वाळू एक भाग असे मिश्रण करावे व त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. तळाला विटांचे तुकडे किंवा नारळाच्या शेंड्या अंथरण्याची पद्धत आहे. छिद्र मातीने बुजू नये एवढाच त्याचा उपयोग, त्यासाठी खापरीचा एक तुकडाही पुरतो. कोकोपीटविषयी (नारळाच्या शेंडीचा भुगा) माझे मत थोडे वेगळे आहे. ते हलके असते हे खरे, आणि स्थापत्यतज्ज्ञांच्या दृष्टीने ते गुणकारीच. पण त्यात अन्नद्रव्ये नगण्य असतात, कोकोपीटच्या न धुतलेल्या विटेत क्षार असतात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढगाळ हवा असताना कोकोपीट भरलेली कुंडी सुकतच नाही. मिश्रणात दहा-वीस टक्के असावे, त्याहून अधिक नको. निव्वळ कोकोपीटवर बाग करणाऱ्यांनी पातळ खताचे वेळापत्रक काटेकोरपणे पाळावे लागते, आणि नोकरी करणाऱ्या घरात ते चार महिने टिकत नाही.

ज्याला शेतकरी वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी असणे, ती स्थिती कुंडीत टिकवणे हेच खरे कसब आहे. त्यासाठी पालापाचोळ्याचे दोन-तीन इंचांचे आच्छादन इतके उपयोगी दुसरे काही मला ठाऊक नाही. मेमध्ये पाण्याची बचत होते, माती तापत नाही आणि वर पपडी धरत नाही. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने घरच्या काडीकचऱ्यापासून माती तयार करण्याचा विचार फार पूर्वीच महाराष्ट्रभर पोचवला, आणि शहरातील अनेक गच्च्यांवर आज जी जवळपास मातीविना बाग दिसते, तिच्यामागे त्याच विचाराचा मोठा वाटा आहे.

पालापाचोळा विकत घेण्याची वेळ पुण्यात येऊ नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला पानांचे ढीग पडतात आणि दुर्दैवाने ते अजूनही कुठेकुठे पेटवले जातात. सोसायटीच्या माळ्याला सांगून दोन-तीन पोती भरून ठेवावीत, ती वर्षभर पुरतात.

खताची व्यवस्था ड्राय बाल्कनीत करावी. झाकणाच्या दोन बादल्या घेऊन त्यांच्या बाजूंना आणि तळाला छिद्रे पाडावीत आणि खाली थाळी ठेवावी. एक थर भाजीच्या देठा-सालींचा, त्यावर त्याच्या दीड-दोनपट कोरडी पाने, आणि विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक, कोरड्या पानांत कर्ब अधिक. दोहोंचा मेळ कर्ब-नत्र २५ ते ३० ला १ या प्रमाणाच्या जवळ आला की कुजण्याची क्रिया दुर्गंधीविना होते. वास येऊ लागला तर तो कचऱ्याचा दोष नसून पाने कमी पडल्याची खूण आहे. पाने वाढवून ढवळावे. चिलटे दिसली तर वर पानांचा जाड थर द्यावा. पांढुरक्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, कचरा झपाट्याने संपवतात आणि झाडांना अपाय करत नाहीत. शिजवलेले तेलकट अन्न मात्र घालू नये, नाहीतर मुंग्या, उंदीर आणि शेजारी तिघेही नाराज होतात. एक बादली भरून बाजूला ठेवली की दुसरी भरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिन्यांत, पहिलीतील खत चाळण्याजोगे होते.

मोगरावेडी

मोगऱ्याचा बहर मार्च ते जून, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या दक्षिण बाल्कनीतले ऊन घटत जाऊन संपते. मोगरा का फुलत नाही, याचे उत्तर पहिल्या प्रतिसादातच आले आहे. त्यातून नर्सरीच्या सांगण्यावरून नत्रयुक्त खत वाढवले असेल, तर पाने आणखी वाढली असणार. दोन्ही कुंड्या फेब्रुवारीपासून पश्चिमेच्या ग्रिलवर न्याव्यात. तिथे दुपारचे प्रखर ऊन आहे, पण मोगऱ्याला ते मानवते. कुंड्या दहा इंचांच्या असतील असे धरते.

स्थलांतराबरोबर पुढील क्रमही पाळावा. जानेवारीच्या अखेरीस पाणी हळूहळू कमी करून झाडाला ताण द्यावा. पाने मलूल होऊ लागली, की फांद्या एकतृतीयांश छाटाव्यात आणि उरलेली जुनी पाने हाताने काढून टाकावीत. वरची दोन इंच माती हलवून त्यात शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा मिसळावा, आणि मग भरपूर पाणी सुरू करावे. जी नवी फूट येते तिच्याच शेंड्यांवर कळ्या धरतात. पहिला बहर ओसरल्यावर फुले आलेले शेंडे दोन पानांपर्यंत खुडले, तर पाऊस लागण्याआधी दुसरा बहर मिळतो. बटमोगरा, मदनबाण, हजारी हे सगळेच प्रकार असे वागतात. पश्चिमेच्या उन्हात एप्रिलनंतर पानांखाली लाल कोळी येतो, तेव्हा पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा, कारण त्याला कोरडी हवा आवडते.

तुळशीविषयी सासूबाईंना सांगावे की तुळस दीर्घायुषी नसते. कुंडीत ती दोन-तीन वर्षे नीट राहिली तर पुष्कळ झाले. पावसाळ्यात काळी पडते ती बहुधा मुळे कुजल्यामुळे. खालची थाळी काढावी, मिश्रणात वाळू जास्त ठेवावी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये माती वरून दीड इंच कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नये. श्रद्धेने रोज तांब्याभर पाणी घालण्याची रीत आहे तिथे हे अवघड जाते. आमच्याकडे पळीभर पाणी घालून रीत राखली जाते. मंजिऱ्या पिकू न देता खुडल्या तर झाड जोमदार राहते. डिसेंबरच्या थंडीत पाने गळणे स्वाभाविक आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर मंजिऱ्यांचे बी टाकून दोन-तीन रोपे तयार ठेवावीत, म्हणजे वृंदावन रिकामे राहत नाही.

सहावा मजला

वरील सर्व माहिती उत्तम आहे, फक्त भाजीबाबतचा उत्साह थोडा आवरता घ्यावा असे वाटते. पंचेचाळीस चौरस फुटांत, त्यातही वर्षाचे पाच महिने ऊन असताना, घराची भाजी भागत नाही. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मिरच्या, आठवड्याला एखादी मेथीची जुडी आणि हिवाळ्यात थोडे टोमॅटो, एवढे निघाले तर बाग चांगली चालली आहे असे समजावे. वांगी, भेंडी, दुधी यांना जागा अडवून ठेवण्याइतके उत्पन्न कुंडीत येत नाही. कोथिंबिरीला पुण्याचा एप्रिल-मे सोसत नाही, ती पाने देण्याऐवजी लगेच तुऱ्यावर जाते; तेव्हा त्या दिवसांत माठ किंवा मयाळू लावावा, पण त्यांनाही थोडे तरी ऊन लागते, म्हणजे ट्रे कडेला हवा. टोमॅटोला फुले येऊन गळत असतील तर सकाळी फुलांच्या देठांवर हलकी टिचकी मारावी, कारण वाऱ्याविना परागीभवन अपुरे होते.

कबुतरांचा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटले. नव्याने भुसभुशीत केलेली कुंडी त्यांना घरट्यासाठी पसंत पडते. एकदा अंडी घातली की पिल्ले उडून जाईपर्यंत दीड महिन्याहून अधिक काळ ती कुंडी आपली राहत नाही. रिकाम्या कुंड्या पालथ्या ठेवाव्यात, नव्या पेरणीवर बांबूच्या काड्या दाट खोचाव्यात, आणि विष्ठा कोरडी असताना झाडू नये. ओली करून, नाकाला फडके बांधून पुसावी, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

दुसरे म्हणजे थाळ्या. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. खालच्या काकूंसाठी थाळ्या ठेवायच्या असतील, तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून त्या सगळ्या उपड्या कराव्यात आणि घासाव्यात. नुसते पाणी ओतले, तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

आनंदनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. विटांच्या वाफ्याचा विचार सोडला आहे, आणि कडेने पट्टी घालण्यासाठी मिस्त्रीला बोलावले आहे. काकूंनाही तसे कळवले. मोगरा पश्चिमेला जाईल. दोन शंका राहिल्या. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर घ्यावे लागतात आणि त्या दिवसांत कुंडीतील मातीवर पांढरा थर येतो; आरओ यंत्रातून वाहून जाणारे पाणी झाडांना घालावे का? आणि मेमध्ये आम्ही आठ-दहा दिवस कोकणात गावी जातो, तेव्हा पाण्याची सोय कशी करावी? चांगली रोपे आणि बी कुठून आणावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

पालापाचोळा

पांढरा थर क्षारांचा आहे. धरणाचे नळाचे पाणी सौम्य असते, परंतु टँकरचे पाणी बहुधा बोअरचे किंवा विहिरीचे असते आणि त्यात क्षार अधिक असतात. आरओचे टाकाऊ पाणी त्याहूनही क्षारयुक्त असते, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच उतरतात. ते फरशी पुसायला वापरावे, कुंड्यांना नाही. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मात्र अवश्य घालावे. थर खरवडून काढावा, आणि पावसाळ्याच्या आरंभी शक्य त्या कुंड्या दोन-तीन जोरदार सरींत भिजतील अशा ठिकाणी ठेवाव्यात, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात. स्लॅबखालच्या कुंड्यांना ही संधी आपोआप मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यात क्षार वर्षानुवर्षे साचत जातात. सोसायटीच्या गच्चीवर एक दिवस कुंड्या ठेवण्याची परवानगी मिळाली तर उत्तम.

गावी जाताना सर्व कुंड्या पश्चिमेच्या खिडकीवरून आणि कडेवरून काढून बाल्कनीत भिंतीलगत, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. मेमध्ये तिथे ऊन नसते, हे आता आपल्याला ठाऊकच आहे, आणि या वेळी ते सोयीचेच पडते. आधी प्रत्येक कुंडी पूर्ण भिजवावी, जाड आच्छादन घालावे, आणि मोठ्या कुंड्यांत तळाचे छिद्र बंद केलेले, न रंगवलेले छोटे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून झाकावे. त्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते. लहान कुंड्यांसाठी पाण्याच्या बादलीतून सुती दोरीच्या वाती मातीत खोचाव्यात, बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवावी आणि ती झाकून ठेवावी. पाने मोठी असलेली झाडे निघण्यापूर्वी थोडी छाटली तर पाणी कमी लागते. तरीही पुदिना आणि कोथिंबीर राहीलच याची हमी देता येत नाही. किल्ली काकूंकडे देता आली तर सर्वांत बरे.

रोपांसाठी सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, उरुळी कांचनच्या बाजूला गेलात तर ओळीने नर्सऱ्या आहेत आणि शहरापेक्षा भावही बरा मिळतो. बियाण्यांची दुकाने गुलटेकडीच्या मार्केट यार्डाच्या परिसरात आहेत. पाकिटावरील तारीख पाहूनच घ्यावे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तिथे रोपे, कुंड्या आणि अवजारे एकाच ठिकाणी पाहता येतात. रोप निवडताना फुलांनी लगडलेले घेऊ नये. ठेंगणे, खालपासून फुटवे असलेले, आणि पिशवीच्या तळातून मुळे बाहेर न आलेले घ्यावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे काही दिसले, तर तो पिठ्या ढेकूण आहे. जास्वंदीच्या रोपात तो हटकून असतो, असे रोप तिथेच ठेवावे. घरी आणलेले प्रत्येक नवे रोप पंधरा दिवस ड्राय बाल्कनीत वेगळे ठेवावे आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व दोन-तीन थेंब साबणाचे द्रावण मिसळून संध्याकाळी एकदा फवारावे, मगच ते इतर झाडांत मिसळावे.